बोळातलं फाटक

सोम. १० नोव्हें.
सकाळी ब्लाउजपीस घेऊन बोळापलीकडच्या झुबेदाकडे निघाले, तर बोळाच्या मध्यात पत्र्याचं फाटक. कुलूप. रंग ओला, पदर खराब झाला. गेल्या आठवड्यात पोरांचं गाडी लावण्यावरून भांडण झालं. आमच्याकडच्या एकाचं डोकं फुटलं, तिकडच्या एकाचा हात मोडला. भांडण गाडीचं, दुपारपर्यंत झालं हिंदू-मुसलमान!
किल्ली कुणाकडे? आमच्या महेशकडे. माझ्या पोटच्या पोराकडे.
"अव्वा, सेफ्टीसाठी हाय. तुला नाही कळायचं."
मला नाही कळायचं. ज्या शिवणाच्या मशिनवर ह्याचं शिक्षण झालं, त्या मशिनचं निम्मं काम ह्याच बोळातून येतं. ते ह्याला कळतं का?

११ नोव्हें.
मोठ्या रस्त्यानं वळसा घालून झुबेदाकडे. गुडघे बोंबलतायत. ती ब्लाउज शिवते, मी फॉल-पिको करते. गिऱ्हाईक कुणाचंही असो, काम दोघींना. इतकी वर्षं हेच. आज तिनं पीस दारातच घेतले.
"शोभाताई, तुमारा पोट्टा लगाया सो गेट है ये. मेरेकू नक्को समझाव."
मी काय केलं? लई राग आला तिचा. घरी येईपर्यंत पटलं की बाई खरं बोलली. मग आणखीच राग आला.

१३ नोव्हें.
फाटकाच्या बिजागऱ्या कोंडय्यामामांच्या भिंतीत ठोकल्यात. तेलुगू माणूस, जन्म यंत्रमागावर गेला, कधी आवाज चढला नाही. मला बाजूला बोलावून म्हणतात, "शोभम्मा, भिंत माझी. मला कोणी विचारलं का?"
म्हटलं, पोरांना सांगा की.
"तुमीच सांगा. तुमचा मुलगा हाय."
सगळे माझ्याच कानात कुजबुजणार. तोंड उघडायचं मीच.
संध्याकाळी शांतता बैठक झाली म्हणे. हार, चहा, फोटो. फाटकाचं नाव एकानंही काढलं नाही. फोटोत महेश हसतोय. थोबाड बघवेना.

शनि. १५ नोव्हें.
तिकडच्या पोरांनी त्यांच्या बाजूनं त्यांचं कुलूप लावलं. झालं समाधान? सून पल्लवी हसायला लागली. मलाही हसू आलं. महेश ताटावरून उठून गेला.

मंगळ. १८ नोव्हें.
बोअरची मोटर जळाली, नळाला पाणी नाही. टँकर आला तो तिकडच्या बाजूला, आमच्याकडे वळतच नाही. घागर घेऊन फाटकाशी गेले, पत्र्यावर बडवलं. "झुबेदाऽ!" बायका जमल्या, इकडंही, तिकडंही.
पत्र्यापलीकडून तिचाच आवाज. "हमारी चाबी हम लाते. तुमारी?"
घरी आले. महेश म्हणाला, नाही देणार. पल्लवी उठली, खुंटीवरच्या त्याच्या पँटीतून किल्ली काढली, त्याच्यासमोर माझ्या हातात ठेवली. पोरगी!
दोन्ही कुलपं निघाली. आधी त्यांच्या घागरी की आमच्या, यावरून थोडं वाजलं. मग झुबेदानंच पाइप धरला, एक घागर तिकडं, एक इकडं. सगळ्यांना पुरलं.
मला वाटलं, झालं आता. तिचा हात धरायला गेले. सगळ्यांसमोर म्हणाली, "पानी के वास्ते खोले ना? हमारे वास्ते तो नै खोले."
घागर उचलली, आले.

बुध. १९ नोव्हें.
दिवसभर तेच डोक्यात. साडीला पिको तिरकी गेली, उसवली. पाणी नसतं लागलं तर मी बडवलं असतं का पत्र्यावर?

शनि. २२ नोव्हें.
किल्ली अजून माझ्याकडेच. महेश रोज मागतो, देत नाही. एरवी बोलणं बंद.
आज कोंडय्यामामांकडे गेले. म्हटलं, फाटक नुसतं उघडं ठेवून भागणार नाही, काढूनच टाकू. मग म्हणाले, "भिंतीपाशी मी उभा राहतो. पण एकटा नाही." गॅसकटरवाल्याला उद्या सकाळी बोलावलंय. झुबेदालाही सांगून आले. "देखते," एवढंच म्हणाली.
जेवताना महेशला सांगितलं, लपवाछपवी नको म्हणून. पोर बोललं एकदाचं.
"आणि परत डोकी फुटली तर? कुणाला विचारायचं?"
"मला विचार."
रागात बोलून गेले. किल्ली पदराला बांधली, सकाळचा गजर लावला.