थोरल्याने वाचलं तर

मी खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिड्यांच्या कारखान्याची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. या घरात आजवर दडपण टाकलं ते मीच. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही, ते बरं केलं.

कलम १. हा कागद एका अटीवर टिकेल. साक्षीदार म्हणून मी माझ्या थोरल्या मुलाला बोलावलं आहे. ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणतात. म्हणूनच बोलावलं. सगळी पानं त्याच्या हातात दिली जातील. त्याने ती वाचली, किंवा निदान 'आई, काय लिहिलंयस यात?' एवढं जरी विचारलं, तरी वकीलबाईंनी हा कागद तिथल्या तिथे फाडावा आणि त्यांच्याकडचा दुसरा काढावा. त्यात कारखाना थोरल्याचा आहे. न वाचता सही केली, तर पुढचं सगळं लागू.

कलम २. माझा स्वकष्टार्जित कारखाना, जागेसकट आणि यंत्रांसकट, माझी धाकटी लेक आणि आमचा फिटर खटपट्या यांना निम्मा निम्मा. खटपट्या सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. दर आठवड्याला येऊन विचारायचा, "बाई, एखादी शिडी बिघडवून बघू का?" मी म्हणायची, "बिघडव, पण का बिघडली ते मला येऊन सांग." धंदा वाढला तो एवढ्या बोलण्यावर. जिन्यात उभी राहणारी तिपाई शिडी मी शोधली, असं आमच्या पत्रकात छापलं आहे. ते खोटं आहे. ती खटपट्याची. मालकिणीचं नाव शोभून दिसतं म्हणून मी गप्प बसले, त्याची मला लाज वाटते. पत्रक बदलावं.

कलम ३. वारसांनी पूर्वी खिडकीजवळ असायचं ते प्रयोगाचं टेबल माळ्यावरून खाली आणावं. गुरुवारी दुपारी ज्याला जे करून बघायचं ते त्यावर करू द्यावं. फसलेली शिडी भंगारात न टाकता भिंतीला टांगावी आणि का फसली ते तिच्यावर लिहावं. कोणी काही सुचवलं तर आठ दिवसांत होय किंवा नाही सांगावं. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, कारणासकट. 'बघू' म्हणून माणसाला वर्षभर लटकवू नये. त्यापेक्षा शिवी परवडली.

कलम ४. आता थोरल्याबद्दल. कारभार हाती येताच त्याने ते टेबल माळ्यावर फेकलं, त्या जागी काचेची खोली केली आणि बाहेर फलक लावला, 'नव्या विचारांचे स्वागत आहे'. विचार करायचा तर आधी अर्ज भरा, तोही तीन प्रतींत. मागच्या महिन्यात मी त्याचं कपाट उघडलं. अर्जांचा गठ्ठाच्या गठ्ठा, प्रत्येकावर झोकदार सही. खटपट्याने एका अर्जाच्या मधोमध लिहिलं होतं, 'साहेब, हे वाचत असाल तर मला एक चहा पाजा.' त्यावरही सही. चहा अजून यायचाय.

हसू आलं, ते खालचा अर्ज वाचेपर्यंत. धाकटीने लिहिलं होतं की जोर आला की घडीच्या शिडीची बिजागरी निसटते, तिला आणखी एक कडी लावू या. त्यावरही तशीच सही. चारच महिन्यांनी बिजागरी निसटून एक रंगारी तसल्याच शिडीवरून पडला. त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या वेळी थोरला माझ्यासमोर उभा राहून म्हणाला होता, "मला कोणी काही सांगितलंच नाही गं." आणि मी मूर्खासारखा विश्वास ठेवला होता.

कलम ५. थोरल्याला काहीही नाही. फिरती खुर्ची त्याने स्वतः आणली आहे, ती न्यावी. फलकही न्यावा.

कलम ६. बँकेतली माझी पुंजी गुरुवारच्या मोडतोडीसाठी राखून ठेवावी. रस्त्याकडची खालची खोली रंगाऱ्याच्या नावे करावी, त्याला आता जिना चढवत नाही. ह्यांची हत्यारं खटपट्याला. ह्यांनी जन्मभर शिड्या केल्या आणि स्वतः तिसऱ्या पायरीच्या वर कधी गेले नाहीत, त्यामुळे हत्यारं हातात असताना पडायची वेळ आली नाही. नणंदबाईंना काही नाही. शिड्या विकणारी बाई घराण्याला शोभत नाही, असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. मग शिड्यांवर मिळवलेलं त्यांना तरी कसं शोभेल?

कलम ७. पोटच्या पोराला सापळा लावते, असं कोणी म्हणेल. लावलाच आहे. पण त्याने वाचावं असं मला फार वाटतं. वाचून माझ्यावर ओरडला तरी चालेल, मी ऐकून घेईन.

ठिकाण: कारखान्याच्या वरची माझी खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी पावणेअकरा

मृत्युपत्र करणारी: (सही) मालकीणबाई
साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: (सही) थोरले चिरंजीव

सह्या झाल्यावर, माझ्या हाताने:

थोरला आला. पानं हातात घेतली. "कुठे करू?" म्हणाला. वकीलबाईंनी जागा दाखवली. सही करता करता त्याने विचारलं, "आई, गोळ्या घेतल्यास का?" मी घेतल्या म्हटलं. त्याने माझ्या पायांवरची चादर नीट केली आणि खाली गेला. वकीलबाईंनी विचारलं, "हा प्रश्न धरायचा का?" मी त्याच्या सहीवरची शाई वाळू दिली. मग म्हटलं, धरू नका.