बावीस हजारांची चौकशी

पुणे,
३ ऑगस्ट २०२५

ति. सुरजदादास,
वर्षाराणीचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला लागले की मी एकातून दुसऱ्यात शिरते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते आहे. ऑफिसात पुन्हा चूक झाली. एका माणसाच्या विम्याच्या क्लेमची फाईल मुदत संपेपर्यंत माझ्या ड्रॉवरमध्येच पडून राहिली. ही माझी तिसरी नोकरी. साहेब म्हणाले, डॉक्टरचा काही कागद असेल तर ऑगस्टअखेर आणा, दुसरं काम देऊ. नाहीतर एक तारखेपासून येऊ नका.

मी आळशी आहे की माझं डोकंच वेगळं चालतं, हे मला एकदाचं कळू दे. एडीएचडी म्हणतात त्याला. लक्ष एका जागी ठरत नाही. लोक तो लहान मुलांचा त्रास समजतात, पण मोठेपणीही राहतो. सरकारी दवाखान्यात विचारलं तर खिडकीवरच्या बाई हसल्या. खासगीत भेटी, चाचण्या, अहवाल मिळून बावीस हजार. माझ्याकडे बारा आहेत. बाकीचे पाठवशील का?

आणखी एक. हा त्रास लहानपणापासून होता, हे घरच्या कुणीतरी सांगावं लागतं. आई असती तर तिनं रडून सांगितलं असतं. तू तेव्हा लोहाऱ्याला वसतिगृहात. राहिले अण्णा. रविवारी, १७ तारखेला, तपासणीच्या बाई त्यांना फोन करतील. कशासाठी ते अण्णांना नीट समजावून सांग. खरं तेवढं सांगा म्हणावं.

वहिनींना नमस्कार, उत्कर्षला पापा. लोभ आहेच, या वेळी थोडा जास्त लागेल.

तुझी
वर्षा


सास्तूर,
१० ऑगस्ट २०२५

चि. वर्षास,
सुरजचे अनेक आशीर्वाद.

दहा हजार टाकले आहेत. अण्णांनी दोन मेंढ्या विकल्या. पैसे कशाला, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. वर्षानं मागितले एवढं त्यांना पुरलं.

पण बावीस हजार देऊन विसराळूपणाचा दाखला घ्यायचा म्हणजे पुण्याची कमालच आहे. मी फुकटात लिहून दिला असता, शिक्क्यासकट. रागावू नकोस, तुला चिडवायला दुसरं कोण आहे?

अण्णांच्या कानावर घातलं आहे. डोक्याचा डॉक्टर वगैरे काही काढलं नाही. अण्णांच्या पोटात काही राहत नाही, आणि ही गोष्ट पारावर गेली की तुझ्यासाठी स्थळ घेऊन सोनारीकडचं माणूससुद्धा आपल्या दारात यायचं नाही. म्हणून एवढंच सांगितलं की पुण्याहून एका बाईंचा फोन येईल, त्या वर्षाची चौकशी करतील, विचारतील ते सांगा. तेवढं पुरे. आपले अण्णा खोटं बोलणाऱ्यातले नाहीत.

प्रकृतीला जप. घरच्यांवर माया असू दे.

तुझा
दादा


सास्तूर,
१८ ऑगस्ट २०२५

चि. वर्षाराणीस,
अण्णाचे भरभरून आशीर्वाद.

काल त्या बाईंचा फोन आला. लई गोड बोलणं. एवढी बारीक चौकशी आजवर कुठल्या पाहुण्यांनी केली न्हाय. पोराकडची माणसं शिकलेली दिसत्यात. सुरजनं स्थळाचं नाव काढलं न्हाय, पण बापाला कळतंय.

वर्गातनं उठून जायची का, वस्तू हरवायची का, सांगितलेलं इसरायची का, सारं इचारलं. म्या म्हणलं, बाई, आमची लेक लई शांत. एका जागी बसली की काम संपवूनच उठायची. सांगितलेलं कधी इसरली न्हाय. तू कोकरं वढ्याला सोडून बाभळीखाली पाखरं बघत बसायचीस अन् लांडग्यानं दोन नेली, दप्तर तर सारखं हरवायचीस, मास्तर घरी येऊन कावून गेले, तुझी आई रडायची, ह्यातलं एक अक्षर बाहेर काढलं न्हाय. पोरीच्या बापानं काय बोलावं अन् काय पोटात ठेवावं, एवढं मला कळतंय.

मेंढ्यांचं वाईट वाटून घेऊ नको. पाहुणे यायचे म्हंजे पैसा लागतोच. कधी येणार ते कळव, घराला चुना मारून घेतो.

तुझा
अण्णा


पुणे,
१ सप्टेंबर २०२५

ति. सुरजदादास,
सा. न. वि. वि.

अहवाल आला. जाड, चकचकीत कागदावर. चाचण्यांत लक्षणं दिसतात, पण वडिलांच्या सांगण्यावरून लहानपणी यातलं काहीच नव्हतं, सबब निदान देता येत नाही, असं लिहिलं आहे. त्या बाईंना मी काय बोलू? त्यांनी विचारलं, अण्णांनी सांगितलं.

अण्णांचं पत्र घेऊन मी धावत त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते शांतपणे वाचलं. म्हणाल्या, मुलाखत पुन्हा घ्यावी लागेल, अहवाल नव्यानं लिहावा लागेल. त्याची फी निराळी, नऊ हजार, आणि तारीख दिवाळीनंतरची. साहेब तेवढं थांबणार नव्हते. थांबले नाहीत. आज सोमवार आहे आणि मी भरदुपारी खोलीवर बसून तुला लिहिते आहे.

तू पारावरच्या लोकांना जपलंस. त्यांच्यातल्या निम्म्यांना माझं नावही धड माहीत नसेल. मला तुझा राग आला आहे, दादा, आणि तो लवकर जायचा नाही. आता एकच कर. अण्णांना यातलं काही सांगू नकोस. सांगायचं होतं तेव्हा सांगितलं नाहीस, आता तरी गप्प राहा.

लोभ असावा, असं आज लिहवत नाही.

वर्षा


पुणे,
१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अण्णांस,
वर्षाराणीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. त्या बाईंना तुमचं बोलणं फार आवडलं. इतक्या मायेनं बोलणारे वडील क्वचित भेटतात, असं त्या मला म्हणाल्या. तुम्ही कुठंच कमी पडला नाहीत.

पण पत्रिका जुळली नाही, अण्णा. घराला चुना आत्ता मारू नका.

थोडे दिवस सास्तूरला येऊन राहावं म्हणते. मेंढ्यांमागं तुमच्याबरोबर येईन. कोकरं मात्र माझ्यावर सोपवू नका.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची शांत लेक,
वर्षाराणी