ओनागी कोणाची

६ जून, गुरुवार

आली! ओनागी आली!!

दुपारी बाराला रिहोचा फोन, मी दुकानात. "आई, बस. आधी खुर्चीवर बस." म्हटलं कोण गेलं आता! तर म्हणते, "'तोझाई'ची पाचवी बातमी आली. आजची लढवय्यी — ओनागी." हातातला कोट तसाच काउंटरवर टाकला आणि नाचलेच मी. सत्तावन्न वर्षांची बाई, लॉन्ड्रीच्या दुकानात! कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक बघतच राहिलं. बघू दे.

दोन कंपन्यांचे लढवय्ये 'तोझाई' या एकाच व्हिडिओ गेममध्ये. आमची ओसाकाची जुनी कंपनी, जिथे मी तेव्हा गेमची चित्रं करायचे ती, आणि ते टोकियोवाले. एके काळी एकमेकांचं तोंड बघत नव्हते. डिसेंबरात विक्रीला येणार, तोवर दर गुरुवारी एक बातमी, एक चेहरा. चार गुरुवार जीव टांगणीला लागला होता — माझ्या मासेवालीला घेतात की नाही. एवढ्या मोठमोठ्या तलवारवाल्यांत तिला कोण विचारतंय! पण विचारलं.

संध्याकाळी रिहोच्या फोनवर पाहिली. खांद्यावर कावड, दोन टोपल्या, डावा खांदा कललेला. जिंकली की कावड खाली ठेवते आणि मान पुसते. तेही तसंच ठेवलंय. आई गं! तूच की.

हे घरी येताना न सांगता ताज्या माशांचं ताट घेऊन आले. म्हणाले, "मासेवाली जिंकली म्हणजे मासे नकोत?" कधी नव्हे ते बरं बोलले.

७ जून, शुक्रवार

ऑगस्टात मोठा कार्यक्रम आहे, ओसाकातच. स्टेजवर जुन्या लोकांना बोलावणार म्हणे. मला बोलावतील?

पण शोधणार कसं! गेम संपल्यावर पडद्यावर नावं येतात, त्यात माझं नावच नाही. तेव्हा नियमच होता. दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतील म्हणून खरी नावं द्यायचीच नाहीत. कोणी 'मुळा', कोणी 'म्हातारा बेडूक'. तोमोए आणि मी एका टेबलाला, दिवसभर एकाच किटलीतून जवाचा गार चहा ढोसायचो, म्हणून साहेबांनी दोघींना मिळून एकच नाव चिकटवलं — 'मुगीचा', म्हणजे तोच जवाचा चहा. संपलं. बत्तीस वर्षांत एका माणसाला ठाऊक नाही की मुगीचा म्हणजे आम्ही दोघी. आणि त्यातली ओनागी काढली ती मी.

तोमोला फोन करायला हवा. तिच्यावाचून हा आनंद सांगू कोणाला? ह्यांना आमच्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांतलं काय कळतंय.

९ जून, रविवार

तोमो फोन उचलत नाही. तीनदा केला. नाराला तिचे चित्रकलेचे वर्ग असतात, त्यात असेल.

१३ जून, गुरुवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

सहावी बातमी. मथळा — 'ओनागीला घडवणारे हात'. खाली फोटो. तोमोए! केस पांढरे सोडलेत, हातात पेन्सिल धरून हसतेय. खाली खरं नाव छापलंय. आणि तिचे शब्द: "मुगीचा मी. ओनागी मी काढली. तेव्हा ओळखीची एक मासेवाली होती, तिला पाहून काढली."

ओळखीची एक मासेवाली!!

माझी आई आहे ती. किशिवादाच्या चढावरच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही म्हणून वयाच्या साठीपर्यंत खांद्यावर कावड घेऊन फिरली. त्या कावडीनं मला शिकवलं, माझी फी भरली. आणि तोमोसाठी ती 'ओळखीची एक'. आमच्या घरी किती वेळा जेवलीस गं तू? निर्लज्ज!

अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिच्या शवपेटीत मी ओनागीचं चित्र ठेवलं होतं. सगळ्यांदेखत. म्हटलं होतं, "आई, तुला मी काढलं, हे घेऊन जा." तोमो तिथे उभी होती. रडत होती. हीच तोमो.

दुकानात आज तीन कपड्यांना चुकीचे नंबर टाचले.

१४ जून, शुक्रवार

तिचा फोन आला. उचलला, दोन शब्द सुनावायलाच उचलला.

"चिझु, मला कुणाला सांगायची बंदी होती गं. बातमी येईपर्यंत घरच्यांनाही नाही. सही घेतली होती."

"बंदी सांगायला होती. चोरायला नव्हती ना?"

तर म्हणते, "तुला खरंच तसं वाटतं?"

"वाटायचं काय त्यात!"

"तुझं नाव मी दिलं होतं त्यांना. तुझ्या आईचंही. रंग चिझुरुचे, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी कापलं, जागा नाही म्हणाले."

रंग!! रंग माझे म्हणे! ओनागी तिची आणि मी काय, भिंती रंगवायला आले होते? फोन आपटला. मग त्यातलं तिचं नावच खोडून टाकलं. चाळीस वर्षांची मैत्रीण.

१६ जून, रविवार

जेवताना ह्यांनी तोंड उघडलं. "अगं, बत्तीस वर्षं झाली त्याला. नक्की तूच—"

"तुम्ही होता का तिथे?"

"नव्हतो."

"मग जेवा."

जेवले. पण मधूनच माझ्याकडे बघत होते. घरातसुद्धा माझ्या बाजूचं कोणी नाही. रिहो तेवढी.

२० जून, गुरुवार

रिहोने नेटवर लिहिलं. मी सांगत गेले, ती फोनवर टाइप करत गेली. आईचा फोटो लावला, देवळाच्या पायऱ्यांवर कावड घेऊन उभी आहे तो. खाली लिहिलं, ही ओनागी. हिच्या लेकीनं हिला काढलं. आज दुसरीच बाई हक्क सांगतेय.

दुपारपर्यंत अकरा हजार लोकांनी वाचलं! सातवी बातमी आज आली, कोणा टोकियोवाल्या पैलवानाची, तिच्याकडे कुत्रंही फिरकलं नाही. सगळे ओनागीवरच. "आजीचा खांदा बघा, हीच ती." "कुठल्यातरी मास्तरणीनं मासेवालीच्या लेकीचं श्रेय लाटलं." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

२१ जून, शुक्रवार

तोमोला लोक नाही नाही ते बोलताहेत. 'चोरटी म्हातारी' हे त्यातलं सौम्य. कोणीतरी तिच्या चित्रकलेच्या वर्गाचा पत्ताच टाकला.

रिहो म्हणाली, "आई, जरा जास्तच होतंय का गं?"

"होऊ दे."

"मी काढून टाकू का ते?"

"एक शब्द काढायचा नाही."

तिनं काढला नाही. पण आज माझ्या ताटात भाजी वाढली नाही, भांडं नुसतं माझ्याकडे सरकवलं.

२४ जून, सोमवार

कंपनीतून फोन. कोणी तरुण गृहस्थ, इतका नम्र की शब्दागणिक वाकत असणार. "हिगाकीसान, आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल अत्यंत दिलगीर आहोत. आपल्याकडे त्या वेळचं काही... एखादा कागद वगैरे?"

माझ्याकडे कुठला कागद! तेव्हा सगळं ऑफिसात ठेवून यायचो, घरी न्यायलाही बंदी.

मग उराबेसान आठवले. आमच्याकडे खालच्या मजल्यावर आवाज भरायचे. तलवारीचा खणखणाट, हाडं मोडल्याचा आवाज (सेलरी मोडून काढायचे). आता काशिवाराला द्राक्षं पिकवतात. जुनी कंपनी विकली गेली तेव्हा फेकून देत होते ती सगळी रद्दी टेम्पोत घालून घेऊन गेले होते. लावला फोन.

"काय गं चिझुरु, भांडणात पडलीस म्हणे!"

"पडले नाही, पाडलं मला. ओनागीचे कागद आहेत का तुमच्याकडे?"

"असतील की. शेडमध्ये, खोक्यांखाली. उंदरांनी ठेवले असतील तर."

"तुम्हाला तर माहितीये ना कोणी काढली?"

"मला काय ठाऊक बाई, मी तर खाली बसून भाज्या मोडायचो. शोधतो. सापडले की पाठवतो."

२७ जून, गुरुवार

आठवी बातमी. लढवय्या नंतर, सगळ्यात वर माफीनामा. काळ्या चौकटीत. 'ओनागीच्या निर्मितीसंबंधी दिलेली मुलाखत आम्ही मागे घेत आहोत. संबंधित व्यक्ती ऑगस्टच्या कार्यक्रमात सहभागी होणार नाहीत. सर्वांना झालेल्या त्रासाबद्दल...' वगैरे वगैरे. तोमोचा फोटो गेला. नाव गेलं. सहाव्या बातमीच्या जागी आता नुसता पांढरा चौकोन.

जिंकले मी! रिहोला म्हटलं, "बघ." ती म्हणाली, "हो, बघितलं." एवढंच.

तो नम्र गृहस्थ पुन्हा फोन करून म्हणाला, कागद मिळाले की स्टेजवर मला बोलावायचा विचार आहे. हिगाकी चिझुरु, खऱ्या नावानं! दुकानाच्या मालकीणबाईंना सांगून टाकलं. त्यांनी लगेच विचारलं, काय नेसणार. आईचा निळा किमोनो काढावा म्हणते, मासेवाल्यांच्या समारंभाला नेसायची तो.

२८ जून, शुक्रवार

तोमोने चित्रकलेचा वर्ग बंद केला. रिहोला कुठूनसं कळलं. पोरांच्या आया यायला लागल्या होत्या म्हणे, विचारायला.

तिनं अजून एक शब्द लिहिलेला नाही स्वतःच्या बाजूनं. कुठेच नाही. लिहील कशी! चोर गप्पच बसतो.

३० जून, रविवार

काही केल्या डोक्यातून जात नाही. आईच्या आजारपणात शेवटचे आठ दिवस तोमो दवाखान्यात बसली होती. दुकानात सुट्टी मिळत नव्हती मला, तर ही नाराहून रोज दोन गाड्या बदलून यायची. आईला पीच भरवायची, सोलून, बारीक चिरून. मी संध्याकाळी पोचायचे तर दोघी काहीतरी कुजबुजत हसत असायच्या. काय चाललंय विचारलं की आई म्हणायची, "तुला नाही सांगायचं."

तेव्हाच ठरवलं असशील का गं? की हिची आई आता आपलीच, हवी तशी मिरवू?

असं काही मनात यावं, एवढी वाईट वेळ आणलीस तू माझ्यावर. एखाद्या परक्यानं ओनागी नेली असती तर दोन दिवस ओरडून गप्प बसले असते. तू नेलीस. आता त्या टेबलाची, त्या किटलीची एकही आठवण काढायची सोय ठेवली नाहीस.

आणि मला स्पष्ट आठवतंय. खिडकीजवळची जागा, चौकटीचा कागद, मी पहिली रेघ ओढली — खांद्याची. त्या दिवशीचा पेन्सिलीचा वाससुद्धा आठवतो. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "हो गं, असेल." असेल म्हणे!

१ जुलै, सोमवार

उराबेसानचा निरोप: सापडले, कुरिअर केलं. "मी उघडून बघितलं नाही. मला भांडणात ओढू नकोस." किमोनोला इस्त्री केली.

२ जुलै, मंगळवार

खोका आला. ओनागीचे कागद, एकशे बारा. एकेक करून सगळे जमिनीवर मांडले. रेघा तोमोच्या. पहिल्यापासून शेवटच्या कागदापर्यंत. तिची ती बारीक, तुटक रेघ, मी डोळे मिटून ओळखीन. माझं अक्षर फक्त कडेला आहे — रंगांचे आकडे.

एका कागदाच्या मागे आईचं अक्षर आहे. "तोमोए, पाय फार फाकवलेस गं. भरल्या टोपल्या घेऊन असं कोणी उभं राहत नाही. रविवारी परत ये, उभी राहून दाखवते."

आईला माहीत होतं. एकवीस वर्षं मी येईल-जाईल त्याला सांगायचे, हिला मी काढलं, आणि ती शेजारी बसून हसत मान डोलवायची.