रिकामी लिफ्ट वर जाते

दि. ४ ऑगस्ट

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पेपरातली बातमी तुझ्या वाचनात आली असेल तर आधी हे वाच: मी धडधाकट आहे. त्या दिवशी मी रजेवर होतो. ‘लिफ्ट कोसळून मेकॅनिक जखमी’ असं छापलंय त्या शहाण्यांनी. लिफ्ट कोसळली नाही ताई, वर गेली. आणि तो मेकॅनिक म्हणजे आमचे उस्ताद. बावीस वर्षांपूर्वी पाना कसा धरायचा इथपासून ज्यांनी मला शिकवलं, ते. उजवा हात खांद्यापासून गेला, छातीच्या चार बरगड्या मोडल्या. डॉक्टर काही धड सांगत नाहीत.

तू विचारशीलच, म्हणून सांगतो. लिफ्टच्या दोरांना एका बाजूला केबिन असते आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी प्लेटांचा गठ्ठा, त्याला आम्ही काउंटर म्हणतो. काउंटर रिकाम्या केबिनपेक्षा मुद्दाम जड ठेवतात. साधारण अर्धी माणसं भरली की दोन्ही बाजू सारख्या होतात. म्हणून रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सुटला तर ती पडत नाही, वर पळते. हे लोकांना शंभरदा सांगितलं तरी पटत नाही.

उस्ताद ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक आवळून धरणाऱ्या पट्ट्या, बदलत होते. अशा वेळी केबिनमध्ये वीस-वीस किलोची बारा वजनं ठेवायची. तोल सारखा झाला की ब्रेक खोलला तरी लिफ्ट जागची हलत नाही. त्यांनी आयुष्यभर हेच केलं. यावेळी बारा वजनं ठेवली, लायनर काढले, आणि लिफ्ट आपली सावकाश वर निघाली. ब्रेक उघडा पडलेला, थांबवायला काहीच नाही. त्यांनी मोटरचं हातचाक दोन्ही हातांनी धरलं. तेवढ्यात बाही अडकली.

ऑफिसात सगळे म्हणताहेत की म्हातारा मोजायला चुकला. तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते गं. चौकशी बसली आहे. उस्तादांच्या पत्नी, आमच्या काकू, दवाखान्याच्या बाकावर बसून असतात, मी डबा पोचवतो. याहून जास्त काही हातात नाही.

तुझी धाकटी भावजय आणि पोर, दोघी बऱ्या आहेत. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. तुझी माया आजवर होती तशीच राहू दे.

तुझा,
खिळ्या

---

दि. ११ ऑगस्ट

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फोनवर तू नुसतं बरं आहे, बरं आहे करतोस, म्हणून पत्रच लिही म्हणते. उस्तादांना मी एकदाच पाहिलंय, तुझ्या लग्नात. पंगतीत बसायचं सोडून हॉलचा पंखा का कुरकुरतो ते शोधत होते. असल्या माणसाच्या वाट्याला हे यावं!

गुडघा माझ्यासारखाच हट्टी आहे, चाललंय. योगायोग बघ, सातवीला मी सध्या हाच धडा शिकवतेय. तुझी लिफ्ट फळ्यावर काढली. दोन्हीकडचे जोर सारखे असले की वस्तू जागच्या जागी राहते, आणि चालती असेल तर त्याच वेगाने चालत राहते, असं सांगितलं. एक पोरगी उठून विचारते की बाई, दोन्हीकडून सारखं ओढलं तर दोर स्वस्थ दिसतो, पण त्याला ताण बसत नाही का? म्हटलं, बसतो तर! दिसत नाही एवढंच.

मग तास संपल्यावर त्याच आकृतीसमोर उभी राहिले आणि मनात पाल चुकचुकली. बारा वजनं दर वेळी बरोबर ठरत होती. लोखंड काही आपण होऊन वाढत नाही. म्हणजे एक तर उस्ताद खरंच चुकले, नाहीतर मधल्या काळात कोणीतरी एका बाजूचं वजन बदललं. तुझ्यासारख्या माणसाला हे पहिल्या मिनिटात सुचायला हवं, आणि पत्रात त्याचा एक शब्द नाही. लहानपणी तू बरणी फोडलीस की घरातलं झाडून सगळं मला सांगायचास, बरणी सोडून. खिशात खिळे घेऊन फिरणाऱ्या त्या पोराला मी चांगली ओळखते.

काय आहे ते लिही. मी रागावेन, पण वाचेन.

धाकटीला आणि लेकीला आशीर्वाद. तुझ्यावरचा जीव कमी व्हायचा नाही, हे धरून चाल.

तुझी,
ताई

---

दि. १७ ऑगस्ट

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे माझं कधी चाललंय? सांगतो.

गेल्या वर्षी त्या बिल्डिंगवाल्यांना थाटमाट सुचला. केबिनमध्ये ग्रॅनाइटची फरशी घातली. केबिन सव्वाशे किलोच्या आसपास जड झाली, म्हणून मी आणि उस्तादांनी काउंटरला वीस-वीस किलोच्या सहा प्लेटा वाढवल्या. जूनमध्ये फरशीला तडे गेले, तेव्हा त्यांनी ती उपटून साधी रबराची चटई टाकली. ते पाहिलं मी एकट्याने. सहा प्लेटा त्याच दिवशी काढायला हव्या होत्या. घाई होती, म्हटलं पुढच्या फेरीला काढू. मोटर-रूमच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं: फरशी गेली, काउंटर सहा जास्त.

आमची पद्धतच ती. जे काही असेल ते भिंतीवर लिहायचं आणि रजिस्टर महिनाअखेरीला भिंतीवरून भरायचं. उस्ताद रजिस्टर उघडतसुद्धा नाहीत, आधी भिंत वाचतात. पुढच्या फेरीला मला दुसरीकडे धाडलं, मी विसरलो, आणि बिल्डिंगवाल्यांनी मोटर-रूमला चुना मारला.

एवढंच असतं तरी मी कसंबसं गिळलं असतं. पण त्या सकाळी उस्तादांनी फोन केला. मी लेकीच्या पालकसभेत बसलेलो. म्हणाले, भिंत कोरी केली रे या गाढवांनी, तू काही लिहिलं होतंस का? मी तोंडावर हात धरून म्हणालो की काही विशेष नाही, बारा ठेवा. ते बरं म्हणाले. केबिनमधली चटई त्यांनी पाहिली असणारच, पण मी बारा म्हटल्यावर प्लेटा काढल्याच असतील असं धरून चालले असतील. बारा नाही ताई, अठरा लागणार होती.

आता त्यांना वाटतंय की आपणच चुकलो. मी काही हिशोब चुकवेन हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. डाव्या हाताची बोटं चादरीवर एकेक दाबत बारापर्यंत मोजतात आणि परत पहिल्यापासून सुरू करतात. काल मला विचारलं की माझं डोकं कामातून गेलं होतं का रे. मी शेजारी बसलो होतो. मूग गिळून बसलो. मला फटके मार.

धाकटीला सगळं सांगितलंय. ती म्हणते, गप्प राहा. तू काय म्हणशील ते न लिहिताही कळतंय. या पत्राने तुझा लोभ आटला तर दोष माझाच समजेन.

तुझा,
खिळ्या

---

दि. २४ ऑगस्ट

ती. स्व. वन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं यांना आलेलं पत्र मी वाचलं. यांनीच हातात दिलं. ताबडतोब जाऊन सगळं खरं सांग, नाहीतर माझ्या दारात उभा राहू नकोस, असं तुम्ही लिहिलंत. वन्सं, तुम्ही मोठ्या आहात, शिकलेल्या आहात. पण आमच्या दारापासून तुमचं घर आठ तासांवर आहे आणि मी या माणसाच्या समोर बसलेली असते.

यांनी सांगितलं तर लायसन जाईल, कदाचित केसही होईल. लेक दहावीला आहे. उस्तादांचा हात काही परत येणार नाही. मी वाईट बाई आहे असं समजा हवं तर. मी सकाळी म्हणते जाऊ नका, तुमचं पत्र म्हणतं जा. हे बूट घालतात, नाड्या बांधतात आणि खुर्चीत बसून राहतात. अर्ध्या तासाने नाड्या सोडतात. तुमचं पत्र आल्यापासून हेच चाललंय. जेवतात का विचारू नका.

एक गोष्ट यांनी तुम्हाला कळवली नसेल. ती लिफ्ट वर जाऊन आपटली, दोर खराब झाले, म्हणून बिल्डिंगवाले नवीनच बसवताहेत. परवा जुनी कापून भंगारात दिली. केबिन, प्लेटा, सगळं. हे बघायला गेले होते. परत आले ते तसेच अंथरुणावर पडले. पुरावाच उरला नाही म्हणून मला तर सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच माझीच मला लाज वाटली.

यांना इतकं ओढू नका, एवढंच सांगायचंय. मीही ओढतेय, ते मला कळतं. तुटायची पाळी आली आहे हो. उलट बोलल्याची क्षमा करा आणि पूर्वीसारखंच मला आपली म्हणा.

तुमची,
धाकटी

---

दि. ३० ऑगस्ट

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

धाकटीचं पत्र आलं. तिला सांग की मी रागावले नाही. उलट मीच शरमले. वर्गात पोरांना शिकवते की सारख्या जोरांत सापडलेली वस्तू हलत नाही, आणि घरात तुझ्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ती, दोघी पाय रोवून उभ्या. दाराबद्दलचं ते वाक्य मी मागे घेते. माझं दार तुला कधी बंद नव्हतं, उगाच तोंडाला येईल ते लिहिलं.

चौकशी, लायसन, ऑफिस हे सगळं बाजूला ठेव. त्याबद्दल मी आता अवाक्षर काढणार नाही. एकच कर. उस्तादांच्या कानात सांग की तुमची मोजणी बरोबर होती. त्यांना एवढं तरी कळू दे. याला धाकटी नाही म्हणणार नाही, मी तिला वेगळं लिहिलंय. पत्र मिळेल त्या दिवशीच जा रे बाबा. बुटांच्या नाड्या राहू देत, चपला घालून जा.

तुझं कसं होणार या काळजीने जीव थाऱ्यावर नाही. माझे आशीर्वाद पाठीशी आहेतच.

तुझी,
ताई

---

दि. १४ सप्टेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन तारखेला दुपारी मिळालं. धाकटीनेच माझ्या पायापुढे चपला ठेवल्या. पळतच गेलो. एक तारखेपासून उस्ताद शुद्धीवर नव्हते, तोंडात नळी घातलेली. नर्सने पाच मिनिटं दिली. मी कानाशी लागून सगळं सांगितलं. फरशी, सहा प्लेटा, पालकसभा. दोनदा सांगितलं. बोट हललं नाही, पापणी हलली नाही. नर्स म्हणाली की असं बोलत राहावं, कधीकधी ऐकू जातं. कधीकधी! पाच तारखेला ते गेले.

मग मी कोणालाही न विचारता ऑफिसात गेलो. चौकशीच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काही कागद आहे का विचारलं. रजिस्टरात जूनचं पान कोरं. भिंतीवर चुना. प्लेटा वितळल्यासुद्धा असतील. फोनवर काय बोललो ते ऐकणारा माणूस राहिला नाही. साहेबांनी फाइल माझ्याकडे फिरवली. त्यात उस्तादांचा जबाब होता, अठ्ठावीस ऑगस्टचा. वजनं मोजण्यात माझी चूक झाली, सहकाऱ्याचा यात संबंध नाही. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. खोटं बोलले नाहीत गं ते, त्यांना तसंच वाटत होतं. साहेब म्हणाले, तुमच्या भावना समजतात, आणि माझ्यासाठी चहा मागवला. मला वाटलं होतं आरडाओरड होईल, लायसन काढून घेतील. मी अंगातलं सगळं बळ एकवटून ढकलायला गेलो आणि समोर दारच नव्हतं.

राहिल्या काकू. काल त्यांच्याकडे गेलो. उस्तादांचा चष्मा, घड्याळ, निवृत्तीसाठी शिवलेला नवा सदरा, सगळं पलंगावर मांडून बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं, काही वगळलं नाही. लेकीची शपथ घेतली.  माझं संपल्यावर त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या की तू असं काहीतरी करशील हे मला वाटलंच होतं. पुढे म्हणाल्या, ते जाता जाता मला स्वतः सांगून गेले की मोजणी चुकली, आणि चाळीस वर्षांत ते माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. मी पाय धरले, म्हटलं काकू, खरंच माझी चूक आहे. तशा त्या आणखीच रडायला लागल्या.

तेवढ्यात शेजारची बाई आली. काकूंनी मला उठवलं, माझा हात घट्ट धरला आणि तिला सांगितलं की बघा, माणूस गेला तरी त्याचं नाव राहावं म्हणून हा पोरगा त्यांची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय. त्या बाईने मला हात जोडले. 

आज ऑफिसात सगळ्यांना कळलंय. येता-जाता माझी पाठ थोपटतात.

ताई, तुझा लोभ तर आहेच. पण माझ्यावर विश्वासही असावा, ही विनंती.

तुझा,
खिळ्या