शिंकेविना बातम्या

३ फेब्रुवारी
रेडिओ स्टेशनच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, गेल्या वसंतात तुम्ही शोकसंदेश वाचताना शिंकलात. यंदा एक जरी शिंक ऑन एअर गेली तर सकाळचं बुलेटिन ज्युनिअरला देईन. ज्युनिअर! काल आलेली पोरगी! आणि मी? लोक माझ्या आवाजावर घड्याळ लावतात. ठीक आहे. यंदा परागकणांना इंगाच दाखवतो.

५ फेब्रुवारी
नाकाच्या डॉक्टरकडे. म्हणाला, हा स्प्रे आजपासून रोज मारा, झाडं फुलल्यावर धावपळ करून उपयोग नाही, गुण यायला वेळ लागतो. नाक ठणठणीत असताना औषध? मूर्ख समजतो का मला? स्प्रे ड्रॉवरमध्ये टाकला. इच्छाशक्ती नावाची काही चीज असते.

११ फेब्रुवारी, रविवार
सगळ्या खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. दुपारी बायकोने तापवायला ठेवलेलं दूध करपलं, धूर घरातच कोंडला. तिने रागारागाने खिडकी ओढली. पट्टीबरोबर भिंतीचा रंगही आला. वर म्हणाली, तुमच्या नाकावर कायम राग बसलेला असतो, परागकणांना जागा कुठे आहे? या घरात माझ्या करिअरची कुणाला पर्वा नाही.

२० फेब्रुवारी
समोरच्या झाडाला कळ्या. शेजारच्या कर्नलला (सैन्यात कधीच नव्हता, नुसत्या मिशा आहेत) बजावलं, फांद्या छाटा. म्हणाला, झाड नगरपालिकेचं आहे, नाक तुमचं आहे, यात माझं काय? आणि दार लावलं. माझ्या तोंडावर!

२ मार्च
पोहण्याचा गॉगल आणि डबल मास्क लावून स्टेशनवर गेलो. वॉचमनने अडवलं. म्हटलं, आवाजावरून ओळख. म्हणाला, मी बातम्या ऐकत नाही. असली माणसं रेडिओच्या गेटवर ठेवतात!

९ मार्च
झाड फुललं. गाड्यांच्या टपांवर पिवळी भुकटी. माझं नाक? शांत! मॅडमना सांगून टाकलं, यंदा चिंता नको. डॉक्टरला फोन करून चार शब्द सुनावावेत म्हणतो.

१० मार्च
हेडलाइन्स उत्तम गेल्या. हवामानापर्यंत पोचलो. ‘आज हवा स्वच्छ’ इतकंच म्हणालो आणि शिंकलो. मग शिंकतच राहिलो. रेकॉर्डिस्टने गाणं लावलं. मॅडम ओरडल्या नाहीत. घरी जा, आराम करा, म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

११ मार्च
स्प्रे सुरू. डॉक्टरला विचारलं, कधी गुण येईल? म्हणाला, झाडाचा बहर ओसरेल त्या सुमारास. हसत होता, नक्की.
ज्युनिअरचं बुलेटिन ऐकलं. चुका टिपायला पेन घेऊन बसलो होतो. कागद कोराच राहिला.

१५ मार्च
मॅडमचा फोन! एका श्रोत्याने स्टेशनवर चौकशी केली म्हणे, नेहमीचे निवेदक कुठे आहेत, बरे आहेत ना? छाती फुगली. शेवटी जनता विसरत नाही! बायकोला ओरडून सांगितलं. तिने विचारलं, म्हाताऱ्या बाईंचा आवाज होता का? म्हटलं, हो, मॅडम तसंच म्हणाल्या. तर म्हणे, मग आईच असणार, परवा स्टेशनचा नंबर मागत होत्या.
आईला फोन लावला. आधी विचारलं, जेवलास का? मग म्हणाली, नाक जप हो, घाई करू नकोस परतायची. ती मुलगी फार छान वाचते. तिचं सगळं कळतं.