पाच जाळी आणि सहावं

बाबा, आज पोर्टातून घरी आले आणि तुझ्याशीच बोलावंसं वाटलं. मी न्हावा शेव्याला कस्टम्समध्ये लागले ते तू गेल्यावर. आज एक कंटेनर अडवला. आत पंप होते, कागदावर औषधांच्या कारखान्यासाठी, पण अणुबॉम्बच्या कामातही चालतील असे, आणि घेणाऱ्याचा पत्ता काही केल्या जुळेना. माल पाठवणारा शांतपणे म्हणाला, "मॅडम, ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांनीच हे नियम केले ना? त्यांना कोण अडवतं?" कप्पाळ माझं! हेच म्हणून पाच देशांनी बॉम्ब ठेवायचे, बाकीच्यांनी करायचे नाहीत अशा त्या करारावर आपल्या देशानं सही केली नाही, स्वतःचा बॉम्ब केला. आणि इथे मी दुसऱ्याची वाट अडवून उभी.

मला आपली काशीदची पडवी आठवली. अख्खा पावसाळा तू आणि आई बारीक आसाचं जाळं विणताय, माशाचं पिल्लूही सुटणार नाही असं, आणि मी दोरा धरून बसलेय. मग होड्या लोटायच्या आधीची देवळातली बैठक. गावात तसली पाच जाळी होती. ठरलं काय, तर त्या पाचांनी आपली ठेवायची, पुढे हळूहळू काढायची. नवं मात्र कुणी करायचं नाही. तूही हात वर केलास. घरी येऊन कोयती घेतलीस आणि विणलेलं सगळं कापत बसलास. आई चुलीकडे तोंड करून बसली. त्यांना चालतं मग तुलाच का नाही, म्हणून मी तावातावानं भांडले. तू माझ्यावर कधी नव्हे ते डाफरलास, मग जवळ ओढून म्हणालास, "अन्यावच हाय, पोरी. पन पाचाची पन्नास झाली तं तुझ्या पोरांना मासा चित्रातच बगायला लागंल."

पुढे दरवर्षी बैठकीत तू उठून एकच विचारायचास, तुमची जाळी कधी काढताय? लोक हसायचे. एकानंही काढलं नाही, बाबा. शेवटच्या वर्षी तर काठी टेकत गेलास, तेच विचारायला.

कंटेनर मी सोडला नाही. पण अहवालाच्या तळाशी त्या माणसाचा प्रश्नही लिहिला, जसाच्या तसा. वरचे साहेब वाचून हसले. पुढच्या वेळीही लिहीन.

हा कागद तुझ्या जाळं विणायच्या सुईबरोबर डब्यात ठेवते. एक सांगायचं राहिलंच. तेव्हा शाळेत मी सांगितलं होतं, आमचं जाळं उंदरांनी कुरतडलं. तुझी लाज वाटली होती रे मला.