मी येते म्हणाले

प्रिय आई,
सप्रेम जयभीम.

टांझानियात सुखरूप पोहोचले. स्वयंसेवकांचं प्रशिक्षण सुरू झालंय. भात रोज मिळतो, तेव्हा काळजी नको. फोनवर माझा आवाज ऐकून तू भलतंच मनात धरशील, म्हणून लिहिते आहे.

मला ज्यांच्या घरी ठेवलंय त्या नीमाबाई तुझ्याच वयाच्या. इथे आईला 'मामा' म्हणतात. धाकट्या समाधानला सांग, हसेल.

काल सकाळी वर्गाला निघताना मी त्यांच्या भाषेत शब्द जुळवून म्हणाले, "मी येते." दारातून 'जाते' म्हणायची आपल्याला सवयच नाही. संध्याकाळी परतले तर बाई उंबऱ्यावर बसलेल्या, जेवण झाकून ठेवलेलं.

शेजारच्या आशाला (नाव आपल्यासारखं, पण इथलीच) इंग्रजी येतं. ती म्हणाली, "तू येते म्हणालीस ना? म्हणून ही दुपारपासून उपाशी बसलीय. मला दोनदा रस्त्यावर बघायला पिटाळलं."

आकुर्डीच्या कंपनीच्या गेटवर माइक नसताना तासभर बोलणारी तुझी मुलगी. समता, हक्क, सगळे शब्द पाठ, पण एका उपाशी बाईची समजूत घालता येईना. त्यांनीच मला हाताला धरून ताटावर बसवलं.

पायाची सूज उतरली का? गोळ्या चुकवत नाहीस ना? समाधान रात्रपाळीला गेला की कडी नीट लावत जा.

काळेवाडीच्या दारातून निघताना मी तुलाही 'येते'च म्हणाले होते. त्या येण्याला अजून दोन वर्षं आहेत, आई. तू जेवून घेत जा.

तुझी,
मिनल